सहाशे सतरा किलोमीटरवरून जालना

मोसंबीची बाग साधारणपणे सहा बाय सहा मीटरवर लावतात. हेक्टरी २७७ झाडे बसतात. जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यात अशा बागा मैलोन् मैल दिसतात आणि इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. २०१२-१३च्या दुष्काळात याच बागा उभ्या वाळल्या. काही शेतकऱ्यांनी विकतच्या टँकरवर झाडे जगवली, अनेकांनी शेवटी कुऱ्हाड लावली. त्या वर्षी किती झाडे गेली याचा हिशेब तलाठी, कृषी सहायक आणि शेतकरी यांनी बांधावर उभे राहून, वहीत आकडे लिहून केला. त्या आकड्यांवरून पुढे वाद झाले, मदत अडली. मोजणारा माणूस कुठे पोचला आणि कुठे नाही, हे तपासायचे साधन बांधावरच्या कोणाच्याच हातात नव्हते.

आता तसे साधन आहे. १३ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतल्या व्हँडेनबर्ग तळावरून ‘वर्ल्डव्ह्यू-३’ नावाचा उपग्रह ॲटलास रॉकेटवर बसून वर गेला. तो कोणत्याही सरकारचा नव्हता. ‘डिजिटलग्लोब’ या खासगी कंपनीचा होता. ही कंपनी पुढे ‘मॅक्सार’मध्ये विलीन झाली. वजन सुमारे २८०० किलो, पृथ्वीपासूनची उंची ६१७ किलोमीटर, एका प्रदक्षिणेला ९७ मिनिटे. बरोबर खाली पाहताना त्याच्या कृष्णधवल चित्रातला एक पिक्सेल जमिनीवर ३१ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ एक फूट. वाढलेल्या मोसंबीच्या घेराचा व्यास चार मीटर धरला, तर एका झाडावर शंभराच्या वर पिक्सेल पडतात. ओळी मोजता येतात, ओळीतले मेलेले झाड ओळखता येते, त्याच्या जागची मोकळी मातीही दिसते. उभी असलेली गाय सहा-सात पिक्सेल लांबीची दिसते. माणूस मात्र एक-दोन पिक्सेलांचा ठिपका असतो. त्याचा चेहरा दिसतो, गाडीचा नंबर वाचता येतो, या गप्पा खोट्या आहेत.

हाच हिशेब दुसऱ्या उपग्रहांवर करून पाहिला की फरक लक्षात येतो. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. त्यांचा पिक्सेल मात्र दहा मीटरचा आहे. त्या एका चौकोनात मोसंबीची जवळजवळ तीन झाडे, त्यांच्यामधली माती आणि तण सगळे एकत्र मिसळून एकच रंग होतो. बाग हिरवी आहे की सुकली, हे त्यावरून कळते. झाड मोजता येत नाही. आपल्या ‘आयआरएस-१सी’ने १९९५ साली ५.८ मीटरचे चित्र दिले, तेव्हा जगातल्या नागरी उपग्रहांत त्याहून बारीक नजर कोणाचीच नव्हती. ५.८ मीटर म्हणजे साधारण एका मोसंबीला एक पिक्सेल.

ही एक फुटाची नजर येते कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. दुर्बिणीचा आरसा जितका मोठा आणि उंची जितकी कमी, तितके बारीक दिसते. ‘वर्ल्डव्ह्यू-३’चा आरसा १.१ मीटर व्यासाचा आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी आणि ६१७ किलोमीटरचे अंतर धरून भौतिकशास्त्राचे साधे सूत्र मांडले तर उत्तर तीसेक सेंटिमीटरच्या आसपासच येते. ही निसर्गाची मर्यादा आहे. कारागिरी कितीही सुधारली तरी तेवढ्या आरशातून, तेवढ्या उंचीवरून फारसे अधिक बारीक दिसणार नाही. आपल्या ‘इस्रो’ने २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडलेला ‘कार्टोसॅट-३’ २५ सेंटिमीटरपर्यंत पाहतो, कारण तो ५०९ किलोमीटरवरून, म्हणजे शंभरेक किलोमीटर खालून फिरतो.

दुसरी अडचण वेगाची. उपग्रहाखालची जमीन सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर मागे सरकत असते. एकेक फुटाची ओळ टिपायची तर सेकंदाला बावीस हजार ओळी होतात. एका ओळीच्या वाट्याला येणारा प्रकाश इतका थोडा असतो की चित्र काळेच उमटेल. म्हणून संवेदकाच्या अनेक रांगा एकामागे एक बसवतात. जमिनीचा तोच तुकडा प्रत्येक रांगेखालून जातो, प्रत्येक रांग आपला प्रकाश पुढच्या रांगेला देते आणि शेवटी सगळ्यांची बेरीज बाहेर पडते. हे सगळे चालू असताना अडीच-तीन टनांचे ते धूड तिळभरही थरथरून चालत नाही. जड चाके फिरवून ते आकाशात वळवतात आणि डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे रोखतात. या वळण्यामुळेच त्याला तीच जागा एक-दोन दिवसांत पुन्हा गाठता येते. मात्र जितके तिरके पाहावे तितका पिक्सेल मोठा होतो.

रंगाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. ३१ सेंटिमीटरचे चित्र कृष्णधवल असते. रंगीत पट्टे १.२४ मीटरचे असतात. संगणक दोन्ही एकमेकांवर बसवतो आणि आपल्याला ते चित्र बारीक आणि रंगीत दोन्ही वाटते. डोळ्यांना ते सुंदर दिसते, पण पिकाच्या तब्येतीचा निर्णय या १.२४ मीटरच्या पट्ट्यांवरूनच घ्यावा लागतो. ते पट्टे आठ आहेत. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पान आजारी पडू लागले की हे प्रमाण बिघडते, आणि ते आधी बिघडते तांबड्याच्या काठावरच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात. या उपग्रहाला तो पट्टा स्वतंत्र दिलेला आहे. आणखी आठ पट्टे लघुतरंग अवरक्ताचे आहेत. पानातले आणि मातीतले पाणी त्यांना ओळखता येते. वाटेतली धूळ आणि बाष्प मोजून चित्र दुरुस्त करणारे बारा पट्टे वेगळेच.

दिवसाला ६ लाख ८० हजार चौरस किलोमीटर टिपण्याची त्याची क्षमता आहे. महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा आणि जालना जिल्हा ७,७१८ चौरस किलोमीटरचा. म्हणजे जालन्याचे चित्र वरचेवर घेणे त्याला अवघड नाही. मात्र तो सगळ्या जगासाठी फिरतो आणि ज्याने पैसे मोजले त्याच्या जागेकडे वळतो. युद्धभूमी, बंदरे, तेलाच्या टाक्या, मोठी शहरे यांची मागणी आधी पुरी होते. गूगलच्या नकाशावर मुंबई-पुण्याची चित्रे ताजी आणि एखाद्या आडगावाची जुनी असतात, त्याचे कारण हेच.

अशी चित्रे बाजारात येऊन पंचवीसेक वर्षेच झाली आहेत. २४ सप्टेंबर १९९९ रोजी ‘इकोनॉस’ वर गेला आणि एक मीटरचे चित्र पहिल्यांदा विकत मिळू लागले. त्याआधी असे चित्र फक्त हेर खात्यांकडे असे. ‘जिओआय-१’ २००८ साली आला. तो ४१ सेंटिमीटरपर्यंत पाहत असे, पण अमेरिकी सरकारच्या नियमामुळे सामान्य ग्राहकाला ते चित्र ५० सेंटिमीटरचे करूनच मिळे. ही अट २०१४ साली सैल झाली. आपल्याकडेही २०११च्या धोरणात एक मीटरपेक्षा बारीक चित्रांच्या वाटपावर छाननीची अट होती. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांचे क्षेत्र भारतीयांसाठी बरेच मोकळे केले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘इन-स्पेस’ या संस्थेने बंगळुरूच्या ‘पिक्सेल’ कंपनीच्या नेतृत्वाखालच्या समूहाला बारा भू-निरीक्षण उपग्रहांच्या मालिकेचे काम दिले. येत्या काही वर्षांत जालन्याचे बारीक चित्र भारतीय कंपनीकडून मिळण्याची शक्यता त्यामुळे खरी आहे.

आता कडवंचीला जाऊ.

जालना तालुक्यातले हे गाव पाणलोटाच्या कामासाठी राज्यभर माहीत आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली इथे माथा ते पायथा काम झाले. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यातले बंधारे. त्यानंतर गाव द्राक्षांकडे वळले आणि द्राक्षांच्या पाठोपाठ शेततळी आली. आज वरून पाहिले तर कडवंचीच्या शिवारात निळ्या-हिरव्या चौकोनांची गर्दी दिसते. द्राक्षाच्या ओळी साधारण नऊ फुटांवर असतात. एक फुटाच्या पिक्सेलमध्ये त्या कंगव्याच्या दातांसारख्या सुट्या दिसतात.

एका शेततळ्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ या २०१६च्या योजनेतले मोठ्यात मोठे तळे ३० बाय ३० बाय ३ मीटर. बाजूंचा उतार एकास एक धरला की तळाशी ते २४ बाय २४ होते आणि आत २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी मावते. सेंटिनेलच्या चित्रात हे तळे नऊ पिक्सेलांचे. त्यातले काठचे आठ पिक्सेल अर्धे पाणी, अर्धा बांध, म्हणजे भरवशाचा एकच. ‘वर्ल्डव्ह्यू’च्या चित्रात तेच तळे नऊ हजारांहून अधिक पिक्सेलांचे होते. पाण्याची कड कुठे आहे, प्लॅस्टिकच्या अस्तराचा किती भाग उघडा पडला आहे, हे फुटाच्या हिशेबात मोजता येते. बाजूचा उतार माहीत असेल तर उघड्या पडलेल्या अस्तराच्या रुंदीवरून पाणी किती खाली गेले ते काढता येते, आणि त्यावरून किती लिटर उरले तेही. उपग्रहाला खोली दिसत नाही. ती अशी काढावी लागते.

माझ्या मते या चित्रांचा जालन्याला सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे, कारण शेततळ्यांबद्दलचा एक कठीण प्रश्न त्यांनी सुटू शकतो. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी शेततळे ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात मराठवाड्यातली आणि राज्यातली असंख्य तळी विहिरीतून, बोअरमधून पाणी उपसून भरली जातात. अभ्यासकांनी हे वारंवार लिहिले आहे आणि गावात कोणालाही विचारले तरी ते लपवले जात नाही. ज्याचे तळे त्याची बाग उन्हाळ्यात जगते. शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी मात्र खाली जाते, आणि जमिनीखाली सावलीत राहिले असते ते पाणी उन्हात उघडे पडते. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठावरून पातळी एक मिलिमीटर जरी उतरली तरी ९०० लिटर पाणी हवेत गेले. गावात अशी शेकडो तळी असली तर रोजचा हा आकडा केवढा होतो, ते वाचकाने स्वतःच मांडून पाहावे.

मग कोणते तळे पावसाने भरले आणि कोणते उपशाने? ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्च अशी तीन चित्रे घेतली तरी पुरतात. पावसाचे पाणी ऑक्टोबरनंतर कमीच होत जाते. जानेवारीत अर्धे असलेले तळे मार्चमध्ये काठोकाठ दिसले आणि मध्ये पाऊस झालेला नसेल, कालवाही नसेल, तर ते पाणी जमिनीखालूनच आले. हा पुरावा कोणाला पकडण्यासाठी वापरावा असे मी म्हणत नाही. द्राक्ष किंवा मोसंबी जगवायला धडपडणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल. पण गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडताना हे चित्र समोर ठेवले, तर बोलणे अंदाजावर राहणार नाही. ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पा’त जालना जिल्ह्याचा समावेश आहे आणि त्यात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवली गेली. त्या ताळेबंदाला शेततळ्यांच्या अशा चित्रांची जोड मिळाली पाहिजे.

विम्याचा आणि नुकसानभरपाईचा विषय अधिक नाजूक आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानवाटपात गैरव्यवहार झाल्याचे २०२५ मध्ये चौकशीतून पुढे आले आणि तलाठ्यांसह महसुली कर्मचाऱ्यांचे निलंबन झाले. बागच नसताना फळपीक विमा काढल्याची प्रकरणे राज्यात त्याआधी उघड झाली होती. अशा ठिकाणी फुटाचे चित्र थेट उत्तर देते. गट नंबरात बाग आहे की नाही, असली तर झाडे किती, हे पाहायला कोणाच्या सहीची गरज उरत नाही. प्रामाणिक शेतकऱ्याच्या हक्काचे पैसे दुसरीकडे जाणे थांबेल, एवढ्या एका कारणासाठीही हे चित्र विकत घेण्यासारखे आहे.

पण चित्र चुकीचेही वाचले जाते. आंबे बहार धरायचा असला की मोसंबीला डिसेंबरच्या सुमारास ताण देतात. पाणी तोडतात, पाने पिवळी पडतात, गळतात. मृग बहारासाठी हेच मे महिन्यात होते. त्या दिवसांतले चित्र पाहून एखादा संगणक बाग वाळल्याचा शेरा देईल, आणि ती जिल्ह्यातली सर्वांत नेटकी बाग असू शकेल. उलट, तणाने माजलेला पडीक तुकडाही अवरक्त पट्ट्यात हिरवागार दिसतो. कपाशीत तुरीची ओळ, सोयाबीनच्या बांधाला ज्वारी, अशी मिश्र शेती आपल्याकडे घरोघर आहे. चित्राला अर्थ देण्यासाठी बांधावर गेलेला आणि इथले पीक ओळखणारा माणूस लागतोच. सूत्र दुसऱ्या देशातल्या एकाच पिकाच्या मोठ्या शेतांवर बसवलेले असेल तर ते मंठा-परतूरच्या दोन एकरांवर फसते.

यात आणखी एक विसंगती आहे. २०२३च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानावर आधारित आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्यात आले. पुढच्या वर्षी सोयाबीन त्यात आले. दुसरीकडे, २०२५च्या खरिपापासून महाराष्ट्रात भरपाई पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पादनावर बांधली गेली, आणि प्रमुख पिकांसाठी हे उत्पादन महसूल मंडळाच्या सरासरीने ठरते. म्हणजे आकाशातली नजर एका झाडाची आणि निर्णय दहा-वीस गावांचा. नाल्याकाठचे ज्याचे शेत खरडून गेले, त्याचे नुकसान चित्रात स्पष्ट दिसते आणि सरासरीत पुसले जाते. तंत्र जितके बारीक झाले, तितके विम्याचे एकक बारीक होणे हा साधा न्याय आहे.

ढगांपुढे मात्र हा महागडा डोळा हतबल आहे. जून ते सप्टेंबर खरीप शेतात असतो आणि नेमके तेव्हाच वर ढग असतात. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस मराठवाड्यात पावसाने हाहाकार केला. जायकवाडीतून सुमारे तीन लाख क्युसेक पाणी सुटले आणि गोदाकाठच्या शहागडपासून खालच्या गावांत शिरले. अशा वेळी वरून घेतलेले ‘वर्ल्डव्ह्यू’चे चित्र म्हणजे पांढरा कापूस. तेव्हा उपयोगी पडते रडार. ते स्वतःच लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरी ऐकते, ढग आणि रात्र दोन्ही त्याला आड येत नाहीत. साचलेल्या पाण्यावरून लहरी दुसरीकडे निघून जातात, म्हणून पूर काळा दिसतो. युरोपचा ‘सेंटिनेल-१’ हे करतो. ३० जुलै २०२५ रोजी ‘इस्रो’ आणि ‘नासा’ने मिळून सोडलेला ‘निसार’ दर बारा दिवसांनी पृथ्वीची जवळजवळ सगळी जमीन अशा रडारने तपासण्यासाठी बनवला आहे. पाणी कुठवर आले ते रडारने पाहायचे, ढग सरकले की माती कुठे खरडली ते फुटाच्या चित्रात पाहायचे. दोन्ही एकत्र आले तरच पंचनाम्याला आधार होतो.

बांधाच्या भांडणासाठी मात्र कोणी हे चित्र घेऊन तहसील गाठू नये. जमिनीवर खुणा न लावता घेतलेल्या चित्रात एखादा बिंदू तीन-साडेतीन मीटरपर्यंत सरकलेला असू शकतो. बांध दीड-दोन फुटांचा. तिथे मोजणीच करावी लागते. गोदावरी आणि पूर्णेच्या वाळूचे मात्र वेगळे आहे. उपसा रात्री होतो आणि उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास येतो, तेव्हा गाडी दिसत नाही. पात्रातला खड्डा मात्र सकाळीही तिथेच असतो. महिन्याच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवली की तो किती लांबला ते मोजता येते, आणि दोन बाजूंनी तिरके घेतले तर खोलीसुद्धा.

हे सगळे मांडल्यावर माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ज्या चित्रावरून शेतकऱ्याचा निर्णय होतो, ते चित्र त्याला पाहायला मिळाले पाहिजे. आज कंपनी चित्र विकते, सरकार किंवा विमा कंपनी ते विकत घेते, संगणकातून आकडा निघतो आणि गावापर्यंत फक्त आकडा पोचतो. करारनामे असे असतात की मूळ चित्र पुढे देता येत नाही. ज्याची जमीन त्यात टिपली, तोच त्या चित्राला पारखा. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या चित्रांच्या करारात, संबंधित गट नंबराचा तुकडा खातेदाराला छापून देण्याची अट राज्य सरकारने घालावी. नागपूरला ‘महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र’ १९८८ पासून आहे. हे काम करायला लागणारी माणसे आणि अनुभव तिथे आहेत. सातबाराचे चावडी वाचन होते, तसे वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि मार्चअखेर, गावाच्या शिवाराचे चित्र चावडीवर लावावे आणि लोकांनी त्यातल्या चुका सांगाव्यात. वाळलेली बाग आणि ताण दिलेली बाग यांतला फरक तिथेच, पाच मिनिटांत कळेल.

तोवर वाचकांना करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. गूगल अर्थवर आपल्या गावाची जुनी चित्रे तारखांसह पाहता येतात आणि ती कोणत्या कंपनीची आहेत तेही कडेला लिहिलेले असते. आपले शेत शोधा, दुष्काळाच्या आणि सुकाळाच्या वर्षांची चित्रे एकाखाली एक ठेवून पाहा. आणि उपग्रहाचे कारण देऊन कोणी तुमचा अर्ज नाकारला, तर चार गोष्टी लेखी मागा: चित्राची तारीख, उपग्रहाचे नाव, पिक्सेल किती फुटांचा, आणि बांधावर येऊन खात्री कोणी केली.